मॉरिशस, बाबा आणि एक स्पेलिंग

मॉरिशसला जायचं ठरलं ते खरं तर माझ्या भित्रेपणामुळे.

झालं असं, की मला आइंडहोवनच्या एका कंपनीची ऑफर आली. (नेदरलँड्समधलं गाव. उच्चार अजून मलाही नीट जमत नाही.) सही करायला तीन आठवड्यांची मुदत होती आणि घरी सांगायचं बाकी होतं. पुण्याच्या घरात, समोर मालिका चालू असताना, 'मी जातोय, बहुतेक कायमचा' हे वाक्य काही तोंडातून निघेना. मग मी टिपिकल इंजिनिअरसारखा विचार केला: कोड चालत नाही ना, मग एन्व्हायर्नमेंट बदलून बघू. मुंबईहून सहा-एक तासांचं थेट विमान, आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढायची कटकट नाही, समुद्र आहे, आई-बाबांचा पहिला परदेशप्रवासही होईल. तिथे निवांत सांगू. बायकोला सगळं माहीत होतं. "आई-बाबा तुझे, तूच सांग" असं म्हणून ती ऑफिसातल्या रिलीजचं कारण काढून घरीच राहिली.

बेट म्हणजे केवढं, तर सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या एक तृतीयांशापेक्षा थोडं मोठं. आम्ही पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला उतरलो होतो. तिथला समुद्र निळा, उथळ आणि अगदी शहाण्या मुलासारखा शांत. लाटा लांब प्रवाळाच्या भिंतीवरच फुटतात. आईने पहिल्याच संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून "हा कसला समुद्र, हा तर तलाव" असा निकाल दिला आणि मग रोज दोन तास त्यातच उभी राहिली.

तीन दिवसांसाठी गाडी ठरवली होती. ड्रायव्हर पन्नाशीचे, हसतमुख. माझ्याशी इंग्रजीत बोलले, पेट्रोल पंपावर क्रियोलमध्ये, फोनवर कुणाशी तरी फ्रेंचमध्ये. मग आरशातून बाबांकडे बघत हळूच म्हणाले, "नमस्कार. आपण मराठी?"

आम्ही तिघंही उडालोच.

त्यांचं मराठी शाळेत शिकलेलं, जपून ठेवलेल्या कपड्यासारखं. घरी क्रियोल, आजी भोजपुरी बोलायची, आरत्या मराठीत. आडनाव विचारलं तर कुणाचं तरी पाळण्यातलं नाव आणि पुढे 'जी'. पणजोबांच्या वडिलांचं नाव तेवढं कारकुनाने लिहून घेतलं आणि तेच पुढे सगळ्या पिढ्यांचं आडनाव झालं.

पहिल्या दिवशी पोर्ट लुईचा बाजार. तिथे ढॉल पुरी खाल्ली. आत चण्याच्या डाळीचं सारण, वर घेवड्याच्या दाण्यांची भाजी आणि चटणी, आणि देतात नेहमी जोडीने. ही बिहारकडून आलेली. आईने एक घास खाल्ला. "पुरणपोळीत गूळ घालायला विसरलेत." गातो पिमां नावाचा फ्रेंच 'केक' म्हणजे चक्क आपला डाळवडा, आणि आलूदा म्हणजे फालुदा! बाजारापासून चालत दहा मिनिटांच्या आत जुमा मशीद आहे आणि चायना टाउनही.

बाबांना मात्र सगळ्यात आवडल्या त्या नोटा. ते आयुष्यभर रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये टपाल सॉर्ट करत होते, त्यामुळे छापील कागद दिसला की उलटसुलट वाचायची सवय. 25 रुपयांच्या नोटेवर चिनी वंशाचे आ-चुएन, 100 वर तमिळ वंशाचे सीनिवासेन, 200 वर अब्दुल रझाक मोहम्मद, 1000 वर क्रियोल समाजाचे गेतां दुवाल, 2000 वर शिवसागर रामगुलाम. एका पाकिटात अख्खा देश. पण हे असं गुण्यागोविंदाने आपोआप झालेलं नाही बरं का. 1998 साली नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापलं, तर तमिळ समाज इतका भडकला की त्या नोटा मागे घेऊन 1999 मध्ये पुन्हा छापाव्या लागल्या. आता क्रम इंग्रजी, तमिळ, हिंदी. बाबा म्हणाले, "बरोबरच आहे. क्रम चुकला की टपाल परत येतं."

गंमत अशी की या बेटावर मूळचं कुणीच नाही. डच आले 1638 मध्ये, त्यांच्यामागून फ्रेंच, 1810 मध्ये इंग्रज. मूळचा म्हणावा तर डोडो, तो डचांच्या काळातच संपला. बाकी सगळे बोटीतून आलेले. काही मर्जीने, काही साखळदंडात.

आणि काही करारावर. बंदराला लागूनच आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. गुलामगिरी बंद होणार म्हटल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिले 36 मजूर उतरले, आणि पुढच्या ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांहून जास्त. बहुतेक बिहारकडचे, काही दक्षिणेकडचे, आणि मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणातले, साताऱ्याकडचे. दगडी इमारतीचे थोडेच अवशेष उरलेत. वर चढून जायच्या सोळा पायऱ्या आहेत. पाहायला तसं काही नाही. माझ्यासारखा माणूस पंधरा मिनिटांत बाहेर पडतो.

बाबा तासभर हलले नाहीत. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, शिधा वेगळा, असं सगळं वाचत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "पाच वर्षांनी परत येतो असं सांगूनच निघाले असतील नाही रे घरून?"

आता काय सांगू? मी रात्री जे बोलायचं पाठ करून ठेवलं होतं त्याची सुरुवात अशी होती: 'चार-पाच वर्षांचा तर प्रश्न आहे.' ती रात्र तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला गेलो. गंगा तलावावरचा 33 मीटर उंच शंकर, शामारेलची सात रंगांची माती, फोटो, फोटो, फोटो. मग ल मॉर्न. समुद्रात घुसलेला एकच उभा डोंगर. मळ्यांवरून पळालेले गुलाम इथे लपायचे. 1835 मध्ये गुलामगिरी संपली हे सांगायला शिपाई आले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं सांगतात. पायथ्याशी लोक काइट-सर्फिंग करत होते. आई बराच वेळ काही बोलली नाही.

परतताना ड्रायव्हरांनी मोबाइलवर गणपतीतला व्हिडिओ दाखवला. (गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते!) बायामाणसं गोल धरून नाचत होती, मध्ये ढोलकी. "आमचा झाकरी," ते म्हणाले. बाबा एकदम पुढे वाकले. "अरे, ही तर जाखडी!" बाबांचं लहानपण रत्नागिरीजवळचं. मी मात्र जाखडी आयुष्यात एकदाही पाहिलेली नाही. पहिल्यांदा पाहिली ती मॉरिशसच्या रस्त्यावर, सहा इंची स्क्रीनवर.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद आणला. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्यात. पूर्वजाचा शोध लागला तर उतारा मिळतो. त्यात जहाज, आगमनाची तारीख, वय, उंची, अंगावरची खूण, आणि जिल्ह्याच्या जागी रत्नागिरीचं एक भयंकर जुनं इंग्रजी स्पेलिंग. खाली गावाचं नाव. ते त्यांना कुणीच आजवर वाचून दिलं नव्हतं.

"साहेब, तुम्ही रत्नागिरीचे. हे कुठला?"

बाबांनी चश्मा पुसला. चौतीस वर्षं लोकांची गिचमिड अक्षरं वाचून टपाल योग्य थैलीत टाकलेला माणूस तो. रात्री हॉटेलच्या बाल्कनीत ते कागद घेऊन बसले. मी गूगल मॅप्स उघडून दिले तर म्हणाले, "ते राहू दे. इंग्रज कारकुनाने ऐकलं काय आणि लिहिलं काय, ते शोधायचंय." मग स्वतःशीच पुटपुटत होते. शेवट 'ली' आहे, म्हणजे 'वली' किंवा 'ओली'. पहिलं अक्षर क की ख? आणि एका नावाची दोन-तीन गावं निघतात, वर खुर्द-बुद्रुक वेगळंच. अकराच्या सुमारास त्यांनी हॉटेलच्या पॅडवर दोन नावं लिहिली. तालुक्यांसकट. त्यातलं नक्की कुठलं ते सांगता येणार नाही म्हणाले, पण या दोहोंपैकीच एक.

सकाळी विमानतळावर सोडताना ड्रायव्हरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "येणार, एकदा येणार," म्हणाले. आईने उरलेल्या लाडवांचा डबाच त्यांना देऊन टाकला. त्यांनी वाकून बाबांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, बाबांनी मध्येच हात धरले आणि दोघंही थोडे अवघडले.

चेक-इनच्या रांगेत बाबा सहज विचारल्यासारखं म्हणाले, "चार दिवस झाले, काहीतरी तोंडात धरून बसलायस. बोल आता."

ट्रॉलीवर तीन बॅगा, पुढे एक मोठं गुजराती कुटुंब, लाउडस्पीकरवर फ्रेंचमध्ये सूचना. असल्या ठिकाणी बोललो. पाठ केलेलं सगळं विसरलो. चार-पाच वर्षं वगैरे काही म्हटलं नाही. बहुतेक कायमचं, असंच सांगितलं.

आई माझ्याकडे न बघता पासपोर्ट पुन्हा पुन्हा मोजत होती. तीनच होते.

"नेदरलँड्स म्हणजे डच," बाबा म्हणाले. "ते डोडो खाणारे."

"हो."

रांग पुढे सरकली. त्यांनी खिशातून हॉटेलचं पॅड काढलं (ते कसं काय बरोबर आणलं देव जाणे), पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "गावाचं स्पेलिंग सांग. नीट, एकेक अक्षर."