रिपोर्टातल्या तीन ओळी

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरची मंडळी फाइल घेऊन माझ्यासमोर बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, कितवी स्टेज?" प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याच फाइलमध्ये बायोप्सीच्या तुकड्यावर केलेल्या आणखी एका तपासणीचा कागद असतो. त्यावर तीन ओळी असतात आणि त्यांच्याविषयी सहसा कुणी विचारीत नाही : ईआर, पीआर आणि हर-टू. रोग किती पसरला आहे हे स्टेज सांगते. तो कशावर पोसला जातो आणि पुढे कसा वागण्याचा संभव आहे, हे या ओळी सांगतात. एका तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम केल्यावर आज त्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यामागे एक जुनी बोच आहे. तिच्याकडे येतोच.

आधी 'पॉझिटिव्ह' या शब्दाविषयी. करोनाने हा शब्द इतका बदनाम केला की त्याचा दुसरा अर्थ लोकांना पटतच नाही. एकदा एक मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन आला, चेहऱ्यावर सुटकेचा आनंद. "तिन्ही निगेटिव्ह आलंय डॉक्टर, म्हणजे काळजी मिटली ना?" त्याला खाली बसवून समजावणे मला फार जड गेले. येथे पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोगाच्या पेशींत तो विशिष्ट रिसेप्टर, म्हणजे बाहेरून आलेला निरोप स्वीकारणारा रेणू, सापडला. आणि जो सापडतो त्यावर औषधाचा नेम धरता येतो. तिन्ही निगेटिव्ह असतील तर तशी जागा उरत नाही. मुख्य भिस्त किमोथेरपीवर राहते. असा कर्करोग परतलाच तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच परततो, आणि पाच वर्षे निर्वेध गेली की धोका पुष्कळ उतरतो. त्या मुलाला मी हेही सांगितले होते.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा रिसेप्टर. तो पेशीच्या केंद्रकात असतो. पीआर हा प्रोजेस्टेरॉनचा. तो बव्हंशी इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरूनच तयार होतो, म्हणून त्याचे अस्तित्व ईआर कामावर हजर असल्याची साक्ष देते. स्तनाच्या कर्करोगांपैकी निम्म्याहून अधिक ईआर पॉझिटिव्ह असतात आणि वय जितके अधिक, तितके हे प्रमाण वाढते. आपल्या घरातील आजींच्या रिपोर्टात ही ओळ पॉझिटिव्ह असण्याची शक्यता मोठी आहे, ती त्यामुळेच.

आपल्यापैकी ज्यांनी शेतात दारे धरली आहेत त्यांना पुढचे चटकन उमगेल. हा कर्करोग पाटाच्या पाण्यावर वाढणाऱ्या पिकासारखा आहे. पाणी तोडले की तो सुकू लागतो. १८९६ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी बळावलेला कर्करोग असलेल्या स्त्रियांची अंडाशये काढली आणि काहींच्या गाठी आक्रसल्याचे नोंदवले. 'हार्मोन' हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. तो १९०५ मधला. आज हेच काम एक लहानशी गोळी करते. टॅमॉक्सिफेन वाफ्याच्या तोंडाशी माती लावते, म्हणजे रिसेप्टर अडवून बसते. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल विहिरीवरच पाणी तोडतात. पाळी थांबून वीस वर्षे झालेल्या आजींना कसले आले इस्ट्रोजेन, असे आपल्याला वाटेल. परंतु अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर चरबीत आणि इतर ऊतींत ते थोडे थोडे तयार करीतच असते. पाळी थांबलेल्या स्त्रियांत या गोळ्या त्या विकरालाच रोखतात. लोक यांना 'हार्मोनची गोळी' म्हणतात आणि नको ते हार्मोन शरीरात जाईल म्हणून घाबरतात. वास्तविक ती हार्मोनविरोधी गोळी आहे.

आता ती बोच. पंधरा वर्षे होऊन गेली. माझ्या मुलीला चौथीत शिकवलेल्या बाई, वय अडुसष्ट. शस्त्रक्रिया, किरणोपचार सारे शहरात झालेले, ईआर पॉझिटिव्ह, रोज एक लेट्रोझोल चालू. एका हिवाळ्यात त्या माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, सकाळी बोटे वळत नाहीत. पोळी लाटणे राहिले बाजूला, वेणीसुद्धा घालता येत नाही." या गोळीने सांधे दुखतात, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "बाई, महिनाभर ती बंद ठेवून पाहू." महिन्याने त्या आल्या नाहीत. बोटे मोकळी झाली होती, मग कशाला येतील? वाटेत भेटत, नमस्कार होई. मीही विचारले नाही. सुमारे अडीच वर्षांनी त्या पाठदुखीची तक्रार घेऊन आल्या तेव्हा मणक्यात रोग उतरला होता. ईआर पॉझिटिव्ह कर्करोगाची हाडांकडे विशेष ओढ असते.

गोळी चालू असती तर रोग परतलाच नसता, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही; नियमित गोळी घेणाऱ्यांतही तो कधी परततो. पण त्यांच्या हक्काचे संरक्षण मी एका वाक्यात काढून घेतले आणि परत द्यायला विसरलो. या जातीचा कर्करोग सोशिक असतो, दहा-पंधरा वर्षेही दबा धरून बसतो. म्हणूनच गोळी निदान पाच वर्षे आणि काहींना त्याहून अधिक काळ द्यावी लागते. नंतर बदललेल्या औषधांवर बाई आणखी चार वर्षे बऱ्यापैकी जगल्या. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. ते अधिक लागते.

सांधेदुखीवर तोड असते, हे मी नंतर शिकलो. रोजचे चालणे, साधी वेदनाशामके, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. तेवढ्याने न भागल्यास कर्करोगतज्ज्ञ त्याच गटातील दुसरी गोळी किंवा टॅमॉक्सिफेन देतात. निर्णय त्यांचा, माझ्यासारख्याने फोन उचलून त्यांना विचारायचे असते. या गोळ्यांनी हाडे विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजून घ्यावी. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मन उदास असेल तरी नैराश्याची गोळी परस्पर सुरू करू नका; पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधे टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करू शकतात.

राहिला हर-टू. हा पेशीच्या पृष्ठभागावरचा, वाढीचा हुकूम आत पोहोचवणारा रिसेप्टर. काही गाठींत त्याच्या जनुकाच्या प्रती अतोनात वाढतात आणि पेशी सतत विभागत राहतात. असा कर्करोग पूर्वी फार उग्र मानला जाई. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंड-औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. आता त्याचे भारतीय पर्यायही मिळतात. बहुधा दर तीन आठवड्यांनी, वर्षभर ही इंजेक्शने चालतात. हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून अधूनमधून इको करतात. ते टाळू नका. रिपोर्टात शून्य किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ असेल तर उत्तर अधांतरी असते आणि फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. ती झाली का, हे आपण विचारावे. रोग परतला तर पुन्हा बायोप्सी कशाला, असेही विचारू नये. या तीन ओळी काळाबरोबर बदलू शकतात.

बाईंनंतर मी गोळीविषयी तोंडी उत्तर घेत नाही, पाकीट दाखवा म्हणतो. जवळच्या गावातील एक आजोबा आजींना रात्रीच्या दुधाबरोबर स्वतः गोळी देतात, रिकामी पाकिटे बिस्किटांच्या डब्यात ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी तो डबा माझ्या टेबलावर उपडा करतात. मागच्या खेपेस त्यात एक गोळी शिल्लक निघाली. आजोबा चष्मा पुसू लागले. आजी म्हणाल्या, "त्या दिवशी हेच विसरले होते."