भोंग्यातून ऐकू येणारा बेस

फुलंब्रीत 'बेस' म्हटलं की लोकांसमोर डीजेच्या गाडीवरचा काळा डबा उभा राहतो. चार तारांची एक गिटारही असते आणि तिलाही बेस म्हणतात, हे वेगळं सांगावं लागतं. माझा भाचा ती वाजवतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम, उर्साच्या दिवसांत कव्वाली. तिन्हीकडे वादक बहुतेक तेच असतात, फक्त कपडे बदलतात. (वाद्यं जायज की नाजायज, हा वाद आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. तो इथे मिटणार नाही.)

आल्याचे पैसे आले तेव्हा त्याच्या वाट्याला दहा हजार आले. तो फोन घेऊन माझ्याकडे आला. "मामू, पहले कौनसा लेना?" फोनमध्ये पेडलांची रांगच होती. पेडल म्हणजे पायाने दाबायची धातूची डबी. गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये ती जोडायची, म्हणजे आवाज हवा तसा बदलतो. ऑक्टेव्ह, कोरस, फझ, फिल्टर, सगळं त्याने हेडफोन लावून ऐकलं होतं आणि सगळंच त्याला आवडलं होतं.

हौसेचा मामला असता तर मी म्हणालो असतो, घे जे आवडेल ते. पण पार्टीच्या मालकाने महिनाभर आधी त्याच्या कानावर घातलं होतं की बेस तर कीबोर्डवाल्याचा डावा हातही वाजवतो, मग एका माणसाचं मानधन वेगळं कशाला? त्याचंही पूर्ण चुकत नव्हतं. मागच्या रांगेत बसलेल्याला बेस ऐकूच येत नसेल तर तो आहे की नाही, कोणाला काय फरक पडतो?

बेसवाल्याला हटवायची कल्पना तशी जुनी आहे. जपानच्या रोलँड कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाचं यंत्र काढलं ते त्याचसाठी, एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते फसलं आणि 1984 पर्यंत बंदही झालं. पण हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये त्याच यंत्रावर दहा रागांची एक तबकडी काढली. ती वीस-पंचवीस वर्षं धूळ खात पडली आणि मग परदेशातले लोक तिच्यामागे वेडे झाले. ही गोष्ट भाच्याला सांगितली, तर तो म्हणाला, "वो ठीक है मामू, पेडल का बोलो."

तर पेडलचं. मी त्याला आधी विचारलं, तुझा आवाज शेवटी कशातून बाहेर पडतो? शहरातल्या हॉलमध्ये मोठे बेसचे डबे असतात. पण खेड्यातल्या कार्यक्रमात स्टेजजवळ दोन कॉलम आणि पुढे खांबांवर भोंगे. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. साध्या गिटारच्या जाड तारेची 82 होतात, म्हणजे बरोबर दुप्पट. भोंगा हा माणसाचं बोलणं लांब फेकायला बनवलेला. इतके खालचे सूर त्यातून येतच नाहीत.

मात्र कानाची एक गंमत आहे. कुठल्याही तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात. ते वरचे सूर ऐकू आले की खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो, तो प्रत्यक्षात नसला तरी. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर आपल्याला बेस 'ऐकू येतो' तो असाच. ओव्हरड्राइव्हचं पेडल हे वरचे सूर वाढवतं. म्हणजे भोंग्यापुढे बसलेल्या माणसापर्यंत बेस पोचवायचा तर आवाज थोडा खरखरीत करावा लागेल. फक्त वाढवून चालणार नाही.

हे नुसतं सांगून त्याला पटेना, म्हणून आम्ही गावातल्या मंडपवाल्याच्या गोदामात गेलो. शहरातल्या एका वादकाकडून दोन-तीन पेडल उसनी आणली होती. गोदामात ताडपत्र्यांचा वास आणि एका कोपऱ्यात पन्नासेक भोंगे, एकात एक घातलेले. मंडपवाल्याने एक भोंगा जोडून दिला आणि आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. पेडलशिवाय बेस म्हणजे नुसती टक्टक्. मग गिटारवाल्यांचं हिरवं ट्यूब स्क्रीमर लावलं. ते खालचे सूर मुद्दाम कापतं, गिटारला ते सोयीचं असतं. भोंग्यातून सूर आला, पण जवळच्या कॉलममधून बेसचं पोटच गेलं. मग बॉसचं ओडीबी-3. हे बेससाठीच बनवलेलं आहे आणि त्यावर स्वच्छ आवाज आणि खरखर किती प्रमाणात मिसळायची, त्याचं एक बटण आहे. खरखर चौथाई ठेवली आणि रस्त्यापलीकडून भाच्याचे डोळे मोठे झालेले मला दिसले. ते मिसळायचं बटण नसलेलं ओव्हरड्राइव्ह बेसवाल्याने घेऊच नये, असं माझं मत आहे.

ऑक्टेव्हवर त्याचा फार जीव होता. बॉसचं ओसी-2 1982 पासून बेसवाल्यांचं लाडकं. ते वाजवलेल्या सुराच्या एक सप्तक खाली दुसरा सूर जोडतं. पण 41 च्या एक सप्तक खाली वीस, तिथे माणसाचा कानच संपतो. स्पीकरचा पडदा नुसता फडफडतो. ऑक्टेव्ह शोभतं ते वरच्या पट्ट्यांवर, मोठ्या डब्यांसमोर. आमच्याकडे ते दोन्ही नाही.

ट्यूनर मात्र आधी, बाकी सगळं नंतर. कव्वालीत हार्मोनियम राजा. ती जुनी असेल तर तिचे सूर फोनमधल्या 440 च्या हिशेबाला जुळतीलच असं नाही, आणि ती काही कार्यक्रमाच्या रात्री आपल्यासाठी बदलणार नाही. म्हणून ज्या ट्यूनरमध्ये तो आकडा वरखाली करता येतो तोच घ्यायचा, हार्मोनियमवाल्याकडून काळी चार वाजवून घ्यायची आणि आकडा तिच्याशी जुळवायचा. थंडीत मध्यरात्री तारा चढतात. पायाने दाबलं की ट्यूनर आवाज बंद करतो. कव्वाल शेर पढत असताना गुपचूप सूर लावता येतो.

कॉम्प्रेसरबद्दल आमचा वाद झाला. तो जोरात आणि हळू वाजलेलं सारखं करतो. ऑर्केस्ट्रात ते बरं, पण कव्वाली सावकाश सुरू होऊन चढत जाते, टाळ्या चढतात, ढोलक चढतो. तिथे बेसच सपाट राहिला तर कसं? घ्यायचाच तर हलका लावायचा. तोवर बोटांनीच काम भागवायचं.

शेवटी एक जुना ट्यूनर आणि मिसळायचं बटण असलेलं बेसचं प्रीअ‍ॅम्प घेतलं, ज्यातून डीआयची तार थेट मिक्सरपर्यंत जाते. अ‍ॅम्प मोटारसायकलवर बांधून न्यायची कटकट गेली. जनरेटरवर घरघर व्हायला लागली की त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण बहुतेक वेळा कामाला येतं. दोन्हींना नऊ व्होल्टचे वेगवेगळे अ‍ॅडॅप्टर घेतले. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून दोन्ही चालवली तर कधी कधी घरघर वाढते.

खुलताबादकडच्या एका कार्यक्रमात मी मुद्दाम मागे, भोंग्याच्या खांबाखाली बसलो. शेजारचे एक चाचा मांडीवर ताल धरत होते. मी विचारलं, "चाचा, गिटार सुनने में आ रहा क्या?" ते म्हणाले, "कौनसा गिटार?" आणि ताल धरतच राहिले, नेमका बेसचा.

मालकाने अजून काही म्हटलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या तीन तारखांना भाच्याचं नाव आहे. ऑक्टेव्हचा व्हिडिओ त्याने फोनमधून काढलेला नाही, हेही मला माहीत आहे.