घडी मोडताना

पाऊस परतला, आश्विनातलं कोरडं ऊन माजघरापर्यंत आलं, की मी आजीची पैठणी काढते. आधी बांगड्या-अंगठ्या उतरवायच्या, हात धुऊन कोरडे करायचे. खिडकीपासून जरा आत, सावलीत पांढरी चादर अंथरायची. उन्हात रेशमाचा रंग उडतो. मग आजोबांच्या जुन्या धोतराचं बासन सोडायचं. शंभर धुण्यांनी मऊ झालेल्या त्या सुतातून हवा खेळते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि रेशीम कुबट होतं.

पदर उलगडतो आणि खोलीत मोर उतरतात. येवल्याच्या मागावर कुणीतरी रंगीत धागा हातानं ओवत ओवत, वीतभर विणायला कितीतरी दिवस घालवत ते विणले. पदर उलटा केला तरी मोर तसेच! एका कोशातून कित्येकशे मीटर अखंड निघणारा धागा, त्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तारेवर सोन्याचा मुलामा, अशी ही जर. चांदीच ती, अत्तरानं, घामानं, डांबरगोळ्यांनी काळवंडते. म्हणून कडुनिंबाचा सुका पाला मी वेगळ्या पुरचुंडीत, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवते.

पदराच्या मधोमध मात्र एक सरळ रेघ आहे. तिथे जर तुटली आहे. आजी गेल्यावर आईनं ही पैठणी २२ वर्षं उघडलीच नाही. आजीनं घातलेली शेवटची घडी तिला मोडवेना. त्याच घडीवर, तेवढ्याच ओळीत, सगळा भार पडत राहिला. मायेनंच जर चिरली.

आजी स्वतः वेगळी होती. नवं लुगडं आलं की घडी मोडायला आधी जावेला द्यायची. वस्त्र माणसाच्या अंगाला लागलं की जिवंत होतं, म्हणायची. ते मला आत्ता उमगतं. रेशीम जपायचं म्हणजे त्याला वारा द्यायचा, दर दोन-तीन महिन्यांनी त्याची घडी बदलायची, सणावाराला नेसायचं.

चिरलेल्या जागी मी आतून नेट लावून घेतलं आहे. यंदा पाडव्याला ही पैठणी भाची नेसेल. रात्री तिच्या अंगाची ऊब विरेपर्यंत मी ती चादरीवर पसरून ठेवीन. मग आईच्या रेघेपासून चार बोटं सरकून घडी घालीन.