न भेटलेल्या कवीचं देणं

लेस मरे या ऑस्ट्रेलियन कवींशी माझी ओळख नव्हती; ना भेट, ना पत्र. तरी २९ एप्रिल २०१९ला ते गेल्याचं कळलं, तेव्हा घरात कुणाला काही न सांगता मी डोक्यावरून पाणी घेतलं. नात्यातलं माणूस गेलं की घेतात तसं.

हे नातं जुळलं माझे वडील गेले त्या वर्षी. थोरला मुलगा म्हणून सगळं मीच पाहिलं: अग्नी देणं, दहावं-तेरावं, मृत्यूचा दाखला, बँकेतली वारसनोंद. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आलेगेले ‘खंबीर आहे हो’ म्हणत आणि माझा घसा आणखीच आवळला जाई. काही महिन्यांनी इंग्रजी कवितांचं एक पुस्तक चाळताना मरे यांची ‘ॲन ॲब्सोल्यूटली ऑर्डिनरी रेनबो’ समोर आली.

सिडनीच्या मार्टिन प्लेसमध्ये भर वर्दळीत एक माणूस रडतोय, एवढीच तिची गोष्ट. बातमी शहरभर होते, हातातली कामं टाकून लोक येतात, वाहतूक खोळंबते. त्याला गप्प करायला कुणी धजावत नाही. लहानगी मुलं, कुत्री आणि कबुतरं तेवढी जवळ जातात. शेवटी तो तोंड पुसतो आणि भक्त व्हायला निघालेल्यांना चुकवून पिट स्ट्रीटने झपाझप निघून जातो.

तो का रडत होता, हे मरे सांगतच नाहीत. कवितेचा सगळा जोर या न सांगण्यात आहे. कारण कळलं असतं, तर त्या माणसाची कीव करून मी पान उलटलं असतं. ती जागा मोकळी राहिली आणि तिथे माझे वडील येऊन बसले. त्या रात्री मी पोटभर रडलो.

मग मरे मिळेल तिथून वाचले. १९३८चा जन्म. न्यू साउथ वेल्समधल्या बन्याह इथे, दूधधंद्यावर जगणाऱ्या गरीब शेतकरी घरात ते वाढले. १९५१मध्ये आई मिरियम गर्भपातानंतर दगावली. लेस तेव्हा १२ वर्षांचे. वडील या धक्क्यातून कधी सावरले नाहीत. शाळेत जाडेपणावरून पोरांनी छळलं. पुढे नैराश्याने गाठलं. त्याबद्दल ‘किलिंग द ब्लॅक डॉग’मध्ये त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. १९९६च्या ‘सबह्यूमन रेडनेक पोएम्स’ला टी. एस. एलियट पुरस्कार मिळाला.

मला मात्र दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. रडणाऱ्या माणसाची कविता १९६९च्या संग्रहातली. आईच्या स्मरणार्थ लिहिलेल्या तीन कविता पुस्तकात यायला १९८३ उजाडलं. स्वतःच्या आईसाठी शब्द सापडण्याआधी मरे यांनी एका अनोळखी माणसाला भर चौकात रडू दिलं, असं मी मानतो. त्याच्या आडोशाने माझ्यासारख्या किती जणांना वाट मिळाली असेल.

हे देणं मरे यांना पोचवायची सोय आता नाही. म्हणून ते पुढे द्यायचं. तुमच्या ओळखीत कुणी कोरड्या डोळ्यांनी दाखले आणि वारसनोंदी उरकत असेल, तर ‘धीर धर’ म्हणू नका. ही कविता त्याच्या हाती द्या आणि थोडा वेळ काही न बोलता शेजारी बसा.