खाकीतली इंजिनिअर

लागोस, 29 ऑक्टोबर 2024
सरकारी रुग्णालयात आमच्या कंपनीच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची तक्रार. भेटली ती राष्ट्रीय युवा सेवेची खाकी पँट घातलेली मुलगी. पदवीनंतरची ही वर्षभराची सेवा इथे 1973 पासून आहे. मी बॅग उघडायच्या आत तिने ॲनालायझर लावून ठेवलेला. ऑक्सिजन 71 टक्के. 82च्या खाली यंत्र कुणाला लावायचं नाही.

देणगीत आलेलं यंत्र, बरेच महिने खोक्यातच. आतला झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो, पण लागोसची दमट हवा मुरली की कामातून जातो. "वापरून नव्हे मॅडम, न वापरून बिघडलंय," ती म्हणाली. बरोबर होतं.

5 नोव्हेंबर
राष्ट्रीय ग्रिड पुन्हा कोसळली. जनरेटरवर काम. डिझेलच्या धुरात गप्पा.

तिचा बायोमेडिकलचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. 2017ला प्रवेश घेतला, तरी एकदाही नापास न होता पदवी लांबतच गेली. प्राध्यापकांचे संप: 2020मध्ये नऊ महिने, 2022मध्ये आठ. त्या काळात इकेजाच्या कॉम्प्युटर व्हिलेजमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यावर बसली. सोल्डरिंगचा हात तिथे बसला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका ईसीजी मशीनभोवती अख्खा वर्ग. वडिलांना मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती. (हे तर आपल्याकडचंच!)

आदर्श कोण? प्रा. हिप्पोलाइट अमादी. जुन्या इनक्युबेटरच्या सांगाड्यात नवे, सहज मिळणारे भाग बसवून ते पुन्हा चालू करणारे. गेल्या वर्षीचं नायजेरियाचं विज्ञान पारितोषिक त्यांना मिळालं, नवजात बाळांच्या स्वस्त श्वसनयंत्रांसाठी. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही इनक्युबेटरच्या तापमानाचाच.

सेवेचा भत्ता 33,000 नायरांवरून 77,000 झालाय, कागदावर. हातात जुनाच. वर्गातले बरेच जण ब्रिटनच्या वाटेवर.

12 नोव्हेंबर
तिने एकच मागितलं: सर्व्हिस मॅन्युअल. हेड ऑफिसचं उत्तर तासाभरात आलं, एरवी आठवडा लागतो. फक्त अधिकृत वितरकांना. म्हणजे यंत्र रुग्णालयाचं, किल्ली आमच्याकडे. आमचा धंदा यावरच चालतो हे मला ठाऊक आहे. तरी चीड आली.

झिओलाइटचे नवे सिलिंडर तिच्याच हातून बसवून घेतले, झडपांचा क्रम सांगत. 93 टक्के.

सेवा संपली की तिला आमच्याकडे घ्या, असं साहेबांना सांगितलं. ते तयार आहेत, पण ट्रेनी म्हणून. उद्या पगारावर भांडायचंय.