विलायतेच्या सात तबकड्या

या धाग्यांमध्ये आपण आजवर ताम्रपट, नाणी, बखरी आणि इंग्रजी वखारींचा पत्रव्यवहार अशी साधने पाहिली. आजचे साधन त्या मानाने फारच अर्वाचीन आहे: गाण्यांचा अल्बम. ब्रिटिश पॉप आणि आल्टरनेटिव्ह संगीतातील माझ्या आवडीचे सात अल्बम मी येथे सातव्यापासून पहिल्यापर्यंत क्रमाने मांडते आहे. क्रम सर्वस्वी माझा आहे आणि त्यावर वाद व्हावा अशी इच्छाही आहे.

कसोटी एकच. ब्रिटिश पॉपचा स्थायीभाव स्मरणरंजन हा आहे. साम्राज्य गेले, गिरण्या थंडावल्या, खाणींना टाळी लागली आणि गाणी मात्र जुन्या गल्ल्या, शाळकरी दिवस आणि पावसाळी रविवार यांविषयी हळवी होत राहिली. हा हळवेपणा मला मनापासून आवडतो. गड चढताना आपला कंठ दाटून येतो तो काही केवळ चढणीमुळे नव्हे. तेव्हा गतकाळाच्या प्रेमात पडलेल्यांना आपण तरी नावे ठेवू नयेत. परंतु त्या गतकाळाचे चित्र रंगवताना कोणाला चौकटीबाहेर ठेवले गेले, याची जाण जितकी अधिक, तितका अल्बम माझ्या यादीत वर चढतो.

म्हणून ब्लर या बँडचा ‘पार्कलाइफ’ (एप्रिल १९९४) सातव्या क्रमांकावर राहतो. लंडन परिसरातील मध्यमवर्गीय आयुष्याची ही खुसखुशीत शब्दचित्रे आहेत. मुखपृष्ठावर शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे, आणि चाली अशा की एकदा मनात शिरल्या की निघायचे नाव घेत नाहीत. या अल्बमने ‘ब्रिटपॉप’ची लाट उंचावली. १४ ऑगस्ट १९९५ रोजी ब्लर आणि ओएसिस यांची नवी गाणी एकाच दिवशी बाजारात आली; पहिल्या आठवड्यात ब्लरच्या सुमारे २ लाख ७४ हजार आणि ओएसिसच्या २ लाख १६ हजार प्रती खपल्या. वृत्तपत्रांनी या खपाला लढाईचे स्वरूप दिले. त्याच लाटेवर युनियन जॅक पुन्हा मिरवू लागला: गिटारवर, फ्रॉकवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर. १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनच्या स्वाधीन झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ओएसिसचा नोएल गॅलाघर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या डाउनिंग स्ट्रीटवरील मेजवानीत हस्तांदोलन करताना दिसला. अखेरची मोठी वसाहत हातची जात असता झेंडा फॅशनमध्ये यावा, हा योगायोग मला बोलका वाटतो. ‘पार्कलाइफ’मध्ये उपहास आहे, मात्र लंडनच्या रस्त्यांवर तोवर कितीतरी दशके नांदत असलेली निम्मीअधिक माणसे त्यात नाहीत.

सहावा क्रमांक द स्मिथ्स यांच्या ‘द क्वीन इज डेड’चा (जून १९८६). मँचेस्टरची ही चार पोरे, आणि चौघेही आयरिश वंशाच्या कुटुंबांतली. अल्बमची सुरुवातच आपल्यासारख्यांचे कान टवकारणारी आहे. पहिल्या गाण्याआधी ‘टेक मी बॅक टू डिअर ओल्ड ब्लायटी’ या पहिल्या महायुद्धकालीन लोकप्रिय गीताचा तुकडा वाजतो. तो १९६२ च्या ‘द एल-शेप्ड रूम’ या चित्रपटातून उचललेला आहे. आता हा ‘ब्लायटी’ शब्द कोठला? तो आपल्या ‘विलायती’चा अपभ्रंश. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींनी तो उचलला, मायदेशासाठी वापरला आणि पुढे फ्रान्सच्या खंदकांत तर जिच्यामुळे घरी पाठवणी होईल अशा जखमेलाही ‘ब्लायटी’ म्हटले जाऊ लागले. इंग्रज शिपायाला घराची ओढ व्यक्त करायला शब्द सापडला तो परक्याच्या मुलखात. एवढा इतिहास पोटात घेऊन तो तुकडा वाजतो आणि अल्बम त्याकडे न पाहता पुढे निघून जातो. जॉनी मार याच्या गिटारसाठी मी तो वारंवार ऐकते; त्याहून वर मात्र नेत नाही.

पाचव्या स्थानी मॅसिव्ह अटॅक यांचा ‘ब्लू लाइन्स’ (एप्रिल १९९१). हा बँड ब्रिस्टलचा. ब्रिस्टल म्हटले की आपल्याला राजा राममोहन रॉय आठवतात. २७ सप्टेंबर १८३३ रोजी त्यांचे तेथे निधन झाले आणि आर्नोस व्हेल दफनभूमीत त्यांची समाधी आहे. याच बंदराने गुलामांच्या व्यापारातून अमाप पैसा मिळवला होता. १९६३ पर्यंत तेथील बस कंपनी कृष्णवर्णीय आणि आशियाई उमेदवारांना चालक-वाहक म्हणून घेत नसे. त्याविरुद्ध बसवर बहिष्कार पुकारला गेला, २८ ऑगस्ट रोजी कंपनीने माघार घेतली आणि त्यानंतर नेमला गेलेला पहिला गौरेतर वाहक रघबीर सिंग हा शीख होता. ‘ब्लू लाइन्स’मध्ये हा इतिहास शब्दांतून फारसा येत नाही, तो नादातून येतो: कॅरिबियन वस्त्यांतील साउंड सिस्टिमचा खर्ज, अमेरिकी हिप-हॉपची लय, जमैकाच्या होरेस अँडीचा कापरा आवाज आणि शारा नेल्सनचा भरदार स्वर. गोरे-काळे मित्र एकाच खोलीत बसून संगीत करत आहेत, एवढेच ऐकू येते, आणि तेच पुरेसे वाटते. आखाती युद्धाच्या दिवसांत नावातला ‘अटॅक’ खटकेल म्हणून त्यांचे ‘अनफिनिश्ड सिम्पथी’ हे गाणे नुसत्या ‘मॅसिव्ह’ या नावाने प्रसिद्ध करावे लागले, ही त्या काळाच्या भित्रेपणाची छोटीशी नोंद. गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचे नाव असलेल्या आपल्याच शहरातील सभागृहात गायला या बँडने नकार दिला होता. जून २०२० मध्ये कोल्स्टनचा पुतळा लोकांनी बंदरात लोटला, त्याच वर्षी सभागृहाचेही नाव बदलले.

चौथा अल्बम द स्पेशल्स यांचा, बँडच्याच नावाचा (१९७९). त्यासाठी आधी दोन तारखा. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे खासदार इनॉक पॉवेल याने वसाहतींतून येणाऱ्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले, ज्यात रक्ताने फेसाळणाऱ्या नदीची रोमन कवीची प्रतिमा होती. ऑगस्ट १९७६ मध्ये त्याच शहरात एरिक क्लॅप्टनने रंगमंचावरून पॉवेलची भलामण केली. गंमत अशी की जमैकाच्या बॉब मार्लीच्या गाण्यानेच त्याला दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवून दिला होता. या प्रसंगानंतर ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली आणि तिच्या वातावरणात कॉव्हेंट्रीसारख्या मोटार-कारखान्यांच्या, मंदीने खचत चाललेल्या शहरात गोऱ्या-काळ्या तरुणांचा हा बँड जन्मला. त्याचा सूत्रधार जेरी डॅमर्स याचा जन्म १९५५ चा, आपल्या उटकमंडचा. स्पेशल्सही जुन्याकडे वळतात, पण ते जुने म्हणजे जमैकाचा स्का. ‘अ मेसेज टू यू, रूडी’ या गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या रिको रॉड्रिग्ज यालाच त्यांनी नव्या आवृत्तीसाठी बोलावले. साधनाचा मूळ कर्ता हयात असेल तर त्याच्याकडे जावे, हे आम्हांला वर्गात शिकवतात. यांना ते कोणी शिकवले नव्हते.

तिसरा क्रमांक लिहिताना मला थोडे आवरून घ्यावे लागणार आहे. कॉर्नरशॉप या बँडचा ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ (सप्टेंबर १९९७). बँडचा म्होरक्या तजिंदर सिंग वुल्व्हरहॅम्प्टनचा, म्हणजे ज्या शहरातून पॉवेल निवडून येत असे तेथला. साठच्या दशकाच्या शेवटी पगडी आणि दाढीच्या हक्कासाठी शीख बसकर्मचाऱ्यांनी लढा दिला तो याच शहरात. एप्रिल १९६९ मध्ये ती बंदी उठली. आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, हा विलायतेतला ठरीव समज बँडने स्वतःच नाव म्हणून धारण केला. १९९२ साली स्मिथ्सचा माजी गायक मॉरिसी लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये युनियन जॅक घेऊन रंगमंचावर वावरला, तेव्हा याच पोरांनी त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर त्याचे चित्र जाळले. त्यानंतर पाच वर्षांनी आलेल्या या अल्बममध्ये मात्र राग नाही, मजा आहे. बीटल्सच्या ज्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये १९६५ साली जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली होती, ते गाणे येथे पंजाबीत गायले आहे, उसने नेलेली वस्तू अशी हसतमुखाने परत आणलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि ‘ब्रिमफुल ऑफ आशा’! नॉर्मन कुकने नव्याने घडवलेली त्याची आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. गाणे आशा भोसले यांच्याविषयी, पार्श्वगायनाविषयी आणि पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांविषयी आहे. सांगलीत जन्मलेल्या, मास्टर दीनानाथांच्या कन्येचे नाव अर्थ नीट न कळताही सारी विलायत गुणगुणत होती. घरच्या रेडिओची, चित्रपटगृहाच्या अंधाराची ही आठवण म्हणजे स्मरणरंजनच. फक्त ज्या घराची ती आहे, ते घर पॉवेलच्या इंग्लंडच्या नकाशावर नव्हते.

दुसऱ्या क्रमांकावर द किंक्स यांचा ‘द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’. माझ्याच कसोटीला सोडून हा इतका वर कसा, असे विचाराल. अल्बम निघाला २२ नोव्हेंबर १९६८ रोजी, बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ निघाला त्याच दिवशी, आणि विक्रीच्या यादीत त्याला जागाही मिळाली नाही. वर्ष पाहा. मार्चमध्ये केनियातून येऊ पाहणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाईंना रोखणारा कायदा घाईघाईने मंजूर झाला. एप्रिलमध्ये पॉवेलचे भाषण झाले. ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने कायमची विझली. जुने इंग्लंड वाचवा, अशी हाक सर्वत्र ऐकू येत असताना रे डेव्हिस खेड्यातील हिरवळ, वाफेची अखेरची गाडी आणि शाळासोबती वॉल्टर यांच्यावर गाणी लिहीत होता. वरवर पाहता हे पॉवेलच्याच चित्रातले खेडे आहे. परंतु डेव्हिसचा त्या चित्रावर विश्वास नाही. वॉल्टर आता भेटला तर दोघांना एकमेकांशी बोलायला काही नसेल, हे तो जाणतो. अल्बमचा शेवट छायाचित्रे काढणाऱ्या माणसांवर होतो, जणू पुरावा हाती असल्याशिवाय आपण होतो याचीच त्यांना खात्री नाही. वसाहतींतून आलेली माणसे या खेड्यात नाहीत, ही उणीव खरी. पण हे खेडेही कोठे नाही, हे त्याने इतक्या मायेने सांगितले आहे की मला त्याला खाली सरकवता येत नाही.

जॉय डिव्हिजन, पल्प आणि रेडिओहेड यांच्या चाहत्यांनी कृपया शांत राहावे. तिन्ही मला प्रिय आहेत. ‘डिफरंट क्लास’ तर एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

पहिला क्रमांक: पी. जे. हार्वी यांचा ‘लेट इंग्लंड शेक’ (फेब्रुवारी २०११). डॉर्सेट परगण्यातील आइप या गावच्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या मोहिमेभोवती फिरतो. हार्वी यांनी या युद्धाविषयी पुष्कळ वाचन केले आणि सैनिकांच्या दृष्टीतून गाणी लिहिली. स्वर मुद्दाम वरच्या पट्टीत लावलेला, जवळजवळ लहान मुलीसारखा. संगत ऑटोहार्प या हलक्या, किणकिणत्या तंतुवाद्याची. ‘द ग्लोरियस लँड’मध्ये लष्करी बिगुल मध्येच, गाण्याचा ताल सोडून वाजतो. पहिल्यांदा ऐकताना शेजारच्या खोलीत दुसरेच काही लागले आहे की काय असे वाटते. हा बेताल बिगुलच अल्बमचा गाभा आहे. येथे इंग्लंडवर प्रेम आहे, त्याची माती आहे, धुके आहे. पण ती माती कशाने कसदार झाली, हे क्षणभरही विसरू दिले जात नाही. एप्रिल २०१० मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात त्यांनी याचे शीर्षकगीत गायले, तेव्हा समोर पाहुणे म्हणून पंतप्रधान गॉर्डन ब्राउन बसले होते आणि ब्रिटिश सैनिक अफगाणिस्तानात लढत होते. पुढे या अल्बमला मर्क्युरी पारितोषिक मिळाले; ते दोनदा मिळवणाऱ्या हार्वी पहिल्याच.

अखेरच्या भागात एक गाणे इराकमध्ये जाते आणि तेथे मी दरवेळी थांबते. इराक म्हणजे तेव्हाचे मेसोपोटेमिया. गॅलिपोलीतून इंग्रज माघार घेत होते त्याच हिवाळ्यात कूत-अल-अमारा येथे आपली सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार सैनिक कैद झाले, त्यांतील बहुसंख्य हिंदी, आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या. वाळवंटातून अनातोलियापर्यंत चालवत नेलेल्या या कैद्यांपैकी किती जण वाटेतच पडले! गॅलिपोलीतही शीख आणि गुरखा पलटणी लढल्या, खेचरांच्या तांड्यांवर हिंदी माणसे होती. हार्वींच्या अल्बममध्ये यांच्यापैकी कोणीही नावाने येत नाही. तरीही क्रमांक पहिलाच, कारण त्यांनी काढलेली चौकट तुटकी आहे आणि त्या फटीतून आपल्याला आपली माणसे दिसू शकतात. सातव्या क्रमांकाच्या गुळगुळीत चौकटीत ते शक्य नाही.

सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावांत एक छोटा शिलाफलक असतो: या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, इतकी कामी आली. आकडे असतात, नावे नसतात. आपल्या गावात असा फलक असेल तर त्याचे छायाचित्र आणि गावाचे नाव उत्तरात टाका. पुढचा धागा त्यांवरच करायचा आहे. आणि हो, ‘पार्कलाइफ’ सातवा ठेवल्याबद्दलचे भांडणही तेथेच चालेल.