वाकडे आणि डळमळीत

वाचकहो, मुलाबाळांच्या तोंडी एखादा परका शब्द आला की आपण चटकन कपाळाला आठ्या घालतो. मीही घातल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात आजारातून उठल्यावर नोएडातील आमच्या घरात मी भिंत धरून चालू लागलो, तेव्हा माझी आठ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, तुमचं चालणं वॉंकी झालंय."

शब्दापेक्षा त्यातील सत्य मनाला अधिक लागले.

वॉंकी हा इंग्रजीतील घरगुती शब्द. १९१९ च्या सुमारास तो छापात आढळतो. त्याचे मूळ मात्र निश्चित नाही. भिंतीवरची कललेली तसबीर वॉंकी, आणि एक पाय आखूड असल्यामुळे डुगडुगणारे स्टूलही वॉंकीच! वाकडे आणि डळमळीत यांना त्या भाषेने एकाच दावणीला बांधले आहे. मराठी दोहोंना निराळी नावे देते. नाच न येणाऱ्याला अंगण वाकडे दिसते, डळमळीत नव्हे.

हा भेद नातीला कसा समजावावा? एका रविवारी तिला घेऊन मी दिल्लीच्या जंतरमंतरात गेलो. सवाई जयसिंहांनी १७२४ मध्ये उभारलेली ही वेधशाळा. तेथील सम्राट यंत्राची तिरकी भिंत पाहून ती उद्गारली, "हीपण वॉंकी!"

मी म्हणालो, "ही तिरकी खरी, पण डळमळीत नव्हे." दिल्लीचा अक्षांश सुमारे २८ अंश ३७ कला, भिंतीच्या वरच्या कडेचा चढही तेवढाच. त्यामुळे ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते आणि तिच्या सावलीवरून सूर्याची वेळ कळते. त्या जागी सरळ खांब असता, तर एकाच वेळेची सावली ऋतूऋतूला निराळ्या दिशेला पडली असती. हिचे तिरकेपण हाच हिचा नेमकेपणा.

नातीने क्षणभर विचार केला. "मग तुमचं चालणं?"

"ते वाकडं नाही, बाळ. डळमळीत आहे."

तिने मुकाट्याने माझा हात आपल्या खांद्यावर घेतला.

वाचकहो, घरात परका शब्द आला तर त्याला हाकलू नका. त्याच्या शेजारी आपले दोन शब्द ठेवा. काय तिरकेच राहू द्यावे आणि कोणाला आधार द्यावा, हे मुलांना त्यांतूनच उमगते.